जोशी–अभ्यंकर हत्याकांड : उपलब्ध साधनांची चिकित्सा

नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. त्या प्रकरणाची चौकशी रामशास्त्र्यांनीं केली. तरीही आज पुण्यांतील कोणाही गृहस्थास त्या वधाविषयीं हटकून ठाऊक असते ती एकच गोष्ट : ‘ध’ चा ‘मा’ झाला. ज्या पत्रांत हें अक्षर फिरविलें म्हणून सांगतात, तें पत्र कोणीं पुढें आणिलेलें नाहीं. घाशीराम कोतवालाचेंही तसेंच. १७९१ सालीं लोकांनीं त्याला दगडांनीं ठेंचून मारिलें. १८६३ सालीं मोरोबा कान्होबांनीं त्याच्या नांवानें पुस्तक लिहिलें. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें. आणि आतां नाटकांतला घाशीराम कोठें संपतो व दप्तरांतला कोठें सुरू होतो, हें सांगण्यास अभ्यासक बोलवावा लागतो.

प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या प्रकरणाचा विचार करणार आहों, तें याहून फार अलीकडचें आहे. १९७६ व १९७७ या सालांत पुणें शहरांत दहा माणसांचे खून झाले आणि ते ‘जोशी–अभ्यंकर खून’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. प्रकरण अलीकडचें म्हणून त्याचीं साधनें निर्मळ असतील असा समज होणें साहजिक आहे. परंतु तो समज खरा नाहीं. अवघ्या पन्नास वर्षांत याही हकीकतीवर कथेचीं पुटें चढलीं आहेत. तीं पुटें किती जाड आहेत, त्यांखालीं भक्कम जमीन कोठवर लागते, आणि या सर्वांत इतिहासाच्या अभ्यासकाचें कर्तव्य काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. वाचकांस भयचकित करण्याचा आमचा हेतु नाहीं. म्हणून क्रौर्याचा तपशील, जेथें तो पुराव्याच्या विचारास लागत नाहीं तेथें, आम्ही गाळिला आहे. ज्या कुटुंबांवर हा प्रसंग आला त्यांतील खाजगी व्यक्तींचीं नांवेंही, खटल्याच्या रूढ नांवांत आलीं आहेत त्यांपलीकडे, दिलेलीं नाहींत.

१. हकीकत

आधीं हकीकत सरळ कालक्रमानें सांगतों. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयांत व्यावसायिक कला शिकणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शहा हे चौघे या प्रकरणांतले मुख्य आरोपी. जानेवारी १९७६ च्या मध्यास त्यांनीं आपल्याच एका सहाध्यायास फसवून नेलें, ‘मी घर सोडून जात आहें’ अशा अर्थाची चिठी त्याच्याकडून लिहवून घेतली, त्याचा गळा आंवळून खून केला, आणि प्रेत लोखंडी पिंपांत घालून सारसबागेच्या परिसरांतील तळ्यांत बुडविलें. मागाहून मुलाच्या वडिलांकडे खंडणीची मागणी केली. त्यानंतर ३१ ऑक्टोबर १९७६ रोजीं विजयानगर कॉलनींतील जोशी यांच्या घरीं पति, पत्नी व पुत्र अशा तिघांचे खून झाले. २२ नोव्हेंबर रोजीं शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यावर असाच हल्ला झाला. परंतु घरांतल्या माणसांनीं प्रतिकार केल्यामुळें हल्लेखोर पळाले. १ डिसेंबर १९७६ च्या रात्रीं भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृति’ बंगल्यांत महामहोपाध्याय काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची वृद्ध पत्नी, नात, नातू व घरांतील वृद्ध मोलकरीण अशा पांचांचे प्राण गेले. शेवटचा खून २३ मार्च १९७७ चा : महाविद्यालयांतील एका मित्राच्या भावास वाटेंत गांठून मारिलें, आणि प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगडांचा भार देऊन, बंडगार्डनजवळ नदींत सोडलें. दुसऱ्याच दिवशीं तें येरवड्याच्या बाजूस वर आलें.

तपासाचें काम सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्याकडे होतें. नदींतून निघालेल्या प्रेताचा नायलॉनचा दोर व त्याच्या गांठी मागील खुनांतल्या दोराशीं व गांठींशीं जुळतात, ही गोष्ट तपासांत ध्यानांत आली. मृताच्या ओळखीच्या वर्तुळांत चौकशी सुरू होतांच या सोबत्यांच्या सांगण्यांतील विसंगति उघड झाली. सहाध्यायांपैकीं एक बोलता झाला. आणि ३० मार्च १९७७ रोजीं अटक झाली. खटला १५ मे १९७८ रोजीं सुरू झाला. २८ सप्टेंबर १९७८ रोजीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें चौघांस फांशीची शिक्षा सुनावली, ६ एप्रिल १९७९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती कायम केली, नोव्हेंबर १९८० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अपील फेटाळलें, आणि दयेच्या अर्जाचा मार्ग संपल्यावर २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवडा कारागृहांत चौघांस फांशी देण्यांत आलें.

२. नांवाची चिकित्सा

कोणत्याही प्रकरणाचें नांव हेंच त्याचें पहिलें साधन असतें आणि बहुधा तेंच पहिलें फसवितें. ‘जोशी–अभ्यंकर’ या जोडनांवांत दहांपैकीं आठ मृत्यु येतात. राहिले दोन : पहिला व शेवटचा. हे दोघेही तरुण. दोघेही मारेकऱ्यांच्या ओळखीच्या वर्तुळांतले. दोघांनाही घरांत शिरून नव्हे, तर ओळखीच्या विश्वासानें बाहेर नेऊन मारिलें. म्हणजे ज्या दोन खुनांनीं या मालिकेला आरंभ व अंत मिळाला, तेच नांवांतून गळले आहेत.

ही उणीव केवळ सोयीची नाहीं. तिनें अर्थ बदलतो. जोशी व अभ्यंकर यांच्या घरचे प्रसंग घडले तेव्हां शहराला भय वाटलें तें अनोळखी माणसाचें. दिवेलागणीनंतर दारें बंद होऊं लागलीं, बेल वाजली तरी कोणी उघडीना, रात्रीचे रस्ते ओस पडले, हें त्या पिढीच्या सर्व पुणेकरांस आठवतें. परंतु मालिकेचीं दोन टोकें पाहिलीं असतां दिसतें तें निराळेंच. मारेकरी शहरांतलेच, वर्गांत शेजारीं बसणारे, चहाच्या टेबलावर ओळखीचे. दारावरची कडी ज्या भयासाठीं लागली, तें भय आंतल्या ओळखीच्या बाजूनेंच आलें होतें. आणि गुन्हा उघडकीस आला तोही याच बाजूनें. अनोळखी घरें निवडलीं तोंवर मारेकऱ्यांपर्यंत जाणारा धागा नव्हता. पुन्हां ओळखीच्या माणसावर हात टाकिला आणि सात दिवसांत ते सांपडले. प्रकरणाचें रूढ नांव हा सर्व धागा लपवितें. आम्ही तें नांव बदलूं म्हणत नाहीं, कारण रूढि बलवत्तर असते. पण तें वापरतांना या दोन गळलेल्या मुलांचें स्मरण ठेवावें, एवढें म्हणतों.

३. कालक्रम व ज्ञानक्रम

दुसरा मुद्दा वृत्तपत्रांविषयींचा. समकालीन कागद म्हणून वृत्तपत्राला आम्ही मान देतों. परंतु समकालीनता म्हणजे सर्वज्ञता नव्हे. या प्रकरणांत घटनांचा क्रम व त्या कळण्याचा क्रम हे परस्परांच्या उलट आहेत. जानेवारी १९७६ चा खून हा पहिला. पण तो खून म्हणून पुण्याला कळला सर्वांच्या शेवटीं, अटकेनंतर. चौदा महिने तो मुलगा केवळ ‘घर सोडून गेलेला’ होता. म्हणून डिसेंबर १९७६ चें कोणतेंही वृत्तपत्र घेतलें तरी त्यांत या मालिकेचा आरंभ सांपडणार नाहीं. आणि मागाहून लिहिलेल्या हकीकतींत आरंभापासूनच एक अदृश्य साखळी सर्वांना दिसत होती असा भास होतो, तो मागाहूनचा आहे.

यांत आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. २५ जून १९७५ पासून २१ मार्च १९७७ पर्यंत देशांत आणीबाणी होती आणि तिच्या बऱ्याच काळांत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचें बंधन होतें. शेवटचा खून आणीबाणी उठल्याच्या दुसऱ्याच दिवसानंतरचा. शहरांतलें भय, पोलिसांवरची टीका, अफवा यांचें त्या महिन्यांतलें छापील चित्र पाहतांना हें बंधन हिशेबीं धरावें लागतें. जें छापलें नाहीं तें घडलें नाहीं, असा निष्कर्ष या कालखंडापुरता तरी कोणीं काढूं नये. उलट जें छापलें नाहीं तें सर्व खरेंच होतें, हाही निष्कर्ष तितकाच अशास्त्रीय होय.

४. अक्षर खरें, मजकूर खोटा

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या प्रकरणांतला सर्वांत बोधक कागद कोणता असें विचाराल, तर आम्ही पहिल्या मुलाच्या चिठीकडे बोट दाखवूं. जुन्या कागदाची परीक्षा करतांना आपण दोन प्रश्न विचारतों : कागद अस्सल आहे काय, आणि त्यांतला मजकूर खरा आहे काय? पुष्कळदां पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ आलें कीं दुसरा प्रश्न विचारण्याचें आपण विसरतों. शाई जुनी, कागद त्या काळचा, हात ओळखीचा, मोर्तब बरोबर. म्हणजे मजकूर खरा, असें आपलें मन झटकन् ठरवून टाकतें. ही चिठी त्या झटपट निर्णयाला दिलेला कायमचा इशारा आहे. हात त्या मुलाचा. म्हणजे कागद सर्वस्वीं अस्सल. लिहविणारा दुसरा, म्हणजे मजकूर सर्वस्वीं खोटा. बापानें अक्षर ओळखावें म्हणूनच ती त्याच्या हातानें लिहविली. अस्सलपणा हेंच येथें फसवणुकीचें हत्यार झालें.

‘ध’ चा ‘मा’ या कथेंत अक्षर फिरवून अर्थ फिरविला असें सांगतात. येथें एकही अक्षर न फिरवितां अर्थ फिरविला आहे. आमच्या संग्रहांतील किती कबुलायती, राजीनामे, फारकती व यादी अशाच धाकाखालीं लिहिल्या गेल्या असतील, याचा विचार या निमित्तानें व्हावा. सावकारापुढें वा मामलेदारापुढें बसून ज्या कुळानें ‘राजीखुशीनें’ लिहून दिलें, त्याची राजीखुशी कागदाच्या पोतावरून कळत नाहीं.

याच्या उलट उदाहरण गांठींचें. गांठ मारणाऱ्याला आपण कांहीं लिहीत आहों असें वाटत नाहीं, म्हणून ती खोटें बोलत नाहीं. लेखक आपलें नांव लपवील, तारीख बदलील, पण ‘ल’ ची वेलांटी व ओळीचा उतार बदलण्याचें त्याला सुचत नाहीं, आणि त्यावरूनच आपण नकलनविसाचा हात ओळखतों. तपासी अधिकाऱ्यांनीं दोराच्या गांठींवरून केलें तें हेंच. हेतुपूर्वक निर्माण केलेल्या साधनापेक्षां अहेतुक उरलेलें साधन अधिक विश्वासार्ह, हा आपल्या शास्त्रांतला जुना दंडक आहे. चिठी व गांठ यांच्या तुलनेनें तो येथें स्पष्ट दिसतो.

५. माफीचा साक्षीदार

आतां शब्दरूप साधनांकडे वळूं. यांत दोन प्रमुख : आरोपींच्या बरोबरच्या एका विद्यार्थ्याची माफीचा साक्षीदार म्हणून झालेली साक्ष, आणि मुनव्वर शहा यानें तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त ‘यस, आय ॲम गिल्टी’.

माफीच्या साक्षीदाराविषयीं कायद्याची भूमिका ऐतिहासिकांनीं शिकण्याजोगी आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें (त्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला) एका कलमांत म्हटलें कीं सहअपराध्याची साक्ष घेण्यास हरकत नाहीं, व केवळ तिला पुष्टि नाहीं एवढ्यावरून शिक्षा बेकायदेशीर ठरत नाहीं. आणि दुसऱ्या कलमाच्या दाखल्यांत म्हटलें कीं, महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टि मिळाल्याशिवाय असा मनुष्य विश्वासास अपात्र आहे असें न्यायालयानें गृहीत धरावयास हरकत नाहीं. दोन्ही वाक्यें एकत्र वाचून न्यायालयांनीं रीत घातली : घ्या, पण ताडून घ्या. सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं सरवणसिंगाच्या खटल्यांत दोन कसोट्या सांगितल्या : साक्षीदार स्वतः विश्वसनीय वाटला पाहिजे, आणि वर त्याला स्वतंत्र पुष्टि मिळाली पाहिजे. पोलिसांपुढील कबुली कायद्यानें अग्राह्य. परंतु त्या सांगण्यावरून जी वस्तु प्रत्यक्ष सांपडली, तेवढ्यापुरतें सांगणें ग्राह्य. म्हणजे शब्द नव्हे, तर शब्दानें दाखविलेलें पिंप हा पुरावा. आमच्या मतें बखरींच्या बाबतींत राजवाड्यांच्या पिढीनें ज्या कडक दृष्टीचा आग्रह धरिला, तिच्याशीं ही रीत अगदीं जुळते.

अशा साक्षींवर उभारलेल्या इतिहासाचें काय होतें, याचें उदाहरण ठगांच्या प्रकरणीं आहे. कर्नल स्लीमन यानें पकडलेल्या ठगांनाच माफी देऊन त्यांच्या तोंडून हकीकती काढल्या व १८३६ सालीं त्या ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या; तीन वर्षांनीं मेडोज टेलर यानें त्याच साहित्यावरून कादंबरी रचिली, आणि पुढील शंभर वर्षें जगानें ठग पाहिले ते कादंबरीच्या चष्म्यांतून. ठग नव्हतेच असें नव्हे. प्रेतें विहिरींतून निघालीं तीं खरींच होतीं. परंतु ठगांचा धर्म, त्यांची परंपरा, त्यांचें विशाल संघटन यांविषयींच्या मजकुरांत प्रश्न विचारणाऱ्याचा वांटा किती व उत्तर देणाऱ्याचा किती, हा वाद अजून मिटलेला नाहीं. जीव वांचविण्यासाठीं बोलणारा मनुष्य खरें बोलत असला तरी समोरच्याला रुचेल अशा क्रमानें बोलतो.

६. ‘यस, आय ॲम गिल्टी’

मुनव्वरच्या आत्मवृत्ताची योग्यता निराळ्या प्रकारची आहे. खटल्यांत त्याचा उपयोग नव्हता. निर्णय साक्षीपुराव्यावर झाला, या पुस्तकावर नव्हे. म्हणून ‘आरोपीनेंच कबूल केलें, आतां शंका कशाची?’ असें म्हणणारे क्रम उलटा लावतात. अपराध पुस्तकाशिवायच सिद्ध झाला होता. तेव्हां पुस्तकापासून इतिहासाला मिळावयाचें काय?

मृत्युदंड डोळ्यांपुढें असलेला मनुष्य खोटें बोलत नाहीं, अशी एक भावना आपल्याकडे आहे. ती भावना म्हणून ठीक. प्रमाण म्हणून दुर्बल. निर्दोष सुटण्याची आशा संपली असली तरी दयेची आशा संपलेली नसते, आणि दयेच्या बाजारांत पश्चात्ताप हेंच नाणें चालतें. हें म्हणतांना मुनव्वरचा पश्चात्ताप खोटा होता असें आम्ही सुचवीत नाहीं. तो खराही असेल. अनेक वाचकांना तो तसा वाटला आहे. परंतु खऱ्या पश्चात्तापाला व उपयुक्त पश्चात्तापाला शब्द तेच लागतात, आणि कागदावरून त्यांचा भेद करण्याचें साधन परीक्षकाजवळ नाहीं. म्हणून अशा ग्रंथांतील विधानांचे आम्ही तीन वर्ग करतों. जें विधान लेखकाच्या स्वतःच्या हिताविरुद्ध आहे व ज्याचा दुसऱ्या पुराव्याशीं विरोध नाहीं, तें बलवान. जें दिवस, ठिकाण, वस्तु यांविषयींचें आहे व ताडून पाहतां येतें, तें ताडून घ्यावें. जें लेखकाच्या अंतःकरणाविषयींचें, किंवा दोष दुसऱ्याकडे सरकविणारें आहे, तें नोंदवावें, पण त्यावर इमारत बांधूं नये.

या तिसऱ्या वर्गांतूनच प्रकरणाची सर्वांत रूढ समजूत निघाली आहे. ती ही, कीं जक्कल हा कर्ता व इतर त्याच्या प्रभावाखालचे. ही समजूत खोटीच आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जक्कलचें पुढारीपण सर्व हकीकतींत दिसतें. परंतु तिचे आधार पाहावे. एक, माफीचा साक्षीदार : पुढारी जितका प्रबळ, तितका त्याचा स्वतःचा दोष उणा. दुसरा, सहआरोपी आत्मवृत्तकार : त्याच्याही हिशेबाची बेरीज तीच. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणजे पुष्टि मिळाली, हें तेव्हांच खरें, जेव्हां दोघांचे हितसंबंध निरनिराळे असतात. येथें ते एक आहेत. आणि ज्याच्यावर सर्व भार टाकिला, त्याचें स्वतःचें आत्मवृत्त या दोघांसमोर ठेवण्यास नाहीं. न्यायालयानें चौघांस एकच शिक्षा दिली. लोककथेनें मात्र एकाला राक्षस व इतरांना सोबती करून त्या शिक्षेची फेरवांटणी केली आहे. राक्षस निर्माण करण्यांत लोकांची एक सोय असते : राक्षस आपल्यांतला नसतो. चार साधे विद्यार्थी, प्रत्येक वेळीं नकार देण्यास मोकळे, आणि दहा वेळां कोणीही नकार दिला नाहीं, ही गोष्ट पचविणें राक्षसापेक्षां कठीण आहे. आमच्या मतें पुरावा सांगतो ती हीच गोष्ट.

पुढें १९८६ सालीं ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट निघाला. अनुराग कश्यप यांचा ‘पांच’ हा हिंदी चित्रपट या प्रकरणाच्या सैल आधारावर रचिला गेला व सेन्सॉरच्या वादांत अडकून चित्रपटगृहांत आलाच नाहीं. कलेला आपली रचना करण्याचा अधिकार आहे; त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती, चित्रपटांत पाहिलेलें मागाहून आठवण म्हणून सांगणाऱ्यांविषयीं, आणि तें आठवण म्हणून टिपून घेणाऱ्यांविषयीं.

७. जोडनांवांतला दुसरा शब्द

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे येतों. वरील सर्व साधनें एका बाबतींत सारखीं आहेत : तीं मारणाऱ्यांविषयीं बोलतात. चौघांचा अभ्यासक्रम, स्वभाव, संभाषणें, शेवटचे दिवस यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. जे मेले ते मात्र प्रत्येक हकीकतींत दारापर्यंत येतात, दार उघडतात आणि संपतात. काशीनाथशास्त्र्यांविषयीं ‘एक वृद्ध संस्कृत पंडित’ एवढ्या चार शब्दांपलीकडे जाणारी हकीकत क्वचित्.

आमच्या वाचकांस ते चार शब्द पुरेसे वाटूं नयेत. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं पातंजल व्याकरण-महाभाष्याचें मराठी भाषांतर सहा खंडांत केलें; त्याला जोडलेला सातवा, प्रस्तावनेचा, खंड त्यांचे पुत्र काशीनाथशास्त्री यांनीं लिहिला व तो १९५४ सालीं निघाला. १९६१ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत त्यांचा संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश प्रसिद्ध झाला. व्याकरणाच्या वर्गांत तो आजही हाताशीं लागतो. कीलहॉर्न यांच्या परिभाषेंदुशेखराची नवी आवृत्ति त्यांनीं भांडारकर संस्थेसाठीं सिद्ध केली. १९६७ सालीं त्याच संस्थेनें त्यांचा ‘परिभाषासंग्रह’ प्रसिद्ध केला : पाणिनीय व इतर संप्रदायांतील परिभाषांचे विखुरलेले ग्रंथ एका ठिकाणीं आणून शोधिलेले.

परिभाषा म्हणजे नियमांवरचा नियम. दोन सूत्रें एकाच स्थळीं लागूं पाहतात तेव्हां कोणतें बलवान मानावें, हें ती सांगते : मागल्याहून पुढलें, अनित्याहून नित्य, बहिरंगाहून अंतरंग, उत्सर्गाहून अपवाद. परस्परविरोधी वचनांपैकीं कोणाचें ऐकावें, याचा निर्णय लहरीवर न सोडतां रीतीवर सोंपविणें हें या शास्त्राचें काम, आणि शास्त्रीबुवांच्या आयुष्याचा मोठा भाग त्यांत गेला. त्यांच्या मृत्यूच्या प्रकरणांत तरी आपण परस्परविरोधी साक्षी लहरीनें वाचूं नयेत, हें त्यांच्याविषयींच्या आदराचें किमान लक्षण आहे. रामकृष्णपंत भांडारकरांचें नांव असलेल्या रस्त्यावर, अठ्ठ्याऐशीं वर्षांच्या वयांत, ज्यानें ग्रंथशोधनांत हयात घालविली त्याचा अंत असा झाला. आणि पुढच्या पिढीला त्याचें नांव ठाऊक आहे तें एका खटल्याच्या नांवाचा उत्तरार्ध म्हणून. मारेकऱ्यांनीं त्यांचा प्राण घेतला. त्यांचें कर्तृत्व मात्र घेतलें आपल्या विस्मरणानें, आणि याचा दोष कोणा आरोपीवर टाकतां येणार नाहीं.

८. समारोप

या चिकित्सेचा निष्कर्ष थोडक्यांत असा. दिवस, स्थळें, मृतांची संख्या, दोर, गांठी, पिंप आणि तिन्ही न्यायालयांचे निर्णय, एवढी जमीन भक्कम आहे. चौघांचा अपराध या जमिनीवर उभा आहे. तो कोणाच्या कबुलीचा आश्रित नाहीं. चौघांतील परस्परसंबंध, कोणीं काय सुचविलें, कोण किती कचरला, हा भाग हितसंबंधी साक्षींवर आधारलेला असून तो त्या सावधगिरीनेंच सांगितला पाहिजे. शहरांतील भयाचें वर्णन आठवणींवर आहे. तें खरें असूनही तपशिलांत अस्थिर आहे, आणि त्याला समकालीन कागदांचा आधार अजून मिळवावयाचा आहे.

तो आधार मिळविण्याचें काम आमच्या वाचकांचें आहे. न्यायालयांच्या दप्तरखान्यांत मुदत भरलेले कागद नष्ट करण्याची रीत कायद्यानें घातलेली आहे. १९१७ सालींच तसा कायदा झाला. निर्णय छापून राहतात, पण जबान्या, पंचनामे, नकाशे यांचें आयुष्य तितकें नसतें. पेशवे दप्तरासाठीं आपण जेवढी धांवपळ केली, तिचा शतांश तरी आपल्या काळच्या दप्तरासाठीं करावी. त्याचबरोबर १९७६ च्या हिवाळ्यांतलीं घरगुती पत्रें, रोजनिशा, सोसायट्यांच्या सभांचीं इतिवृत्तें, रात्रपाळीच्या गस्तीच्या याद्या पुण्यांतील माळ्यांवर अजून असतील. तीं लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहीत आहों असें वाटलें नसेल, म्हणूनच तीं मोलाचीं आहेत. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं संग्रहांत यावीं.

एक विनंति उलट बाजूचीही आहे. अशा प्रकरणांतील हत्यारें, दोर, आरोपींच्या सह्या यांना ‘दुर्मिळ वस्तु’ म्हणून किंमत देणारे संग्राहक अन्य देशांत निघाले आहेत; आपल्याकडे ती हौस येऊं नये. जुनी तरवार आपण जपतों ती तिच्या काळाची साक्ष म्हणून. खुन्याची सही जपून कोणत्याही काळाविषयीं कांहीं कळत नाहीं. त्याऐवजीं काशीनाथशास्त्र्यांच्या हातचें एखादें टिपण, एखादें शोधलेलें मुद्रित, समासांत पाठभेद नोंदविलेली एखादी पोथी कोणाच्या संग्रहीं असेल, तर तिची नोंद करून ती एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावी. जोडनांवांतला तो उत्तरार्ध पुन्हां पूर्ण माणसाचें नांव व्हावयाचा असेल, तर त्यासाठीं लागणारीं साधनें हींच आहेत.